बसली, पण जुळली नाही : ए३३०च्या इंजिन-बदलातली एक नळी

प्रकरण कशाबद्दल आहे

२४ ऑगस्ट २००१. टोरांटोहून लिस्बनला निघालेल्या एका एअरबस ए३३०-२००चं इंधन अटलांटिकवर संपलं. दोन्ही इंजिनं बंद पडली आणि विमान नुसतं तरंगत अझोर्स बेटांवरच्या लाजेस विमानतळावर उतरलं. विमानात ३०६ माणसं होती, सगळी वाचली. शेवटचे सुमारे १२० किलोमीटर इंजिनाविना काढलेल्या वैमानिकांबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे, त्यामुळे इथे त्यांची गोष्ट ओझरतीच येईल. इथला विषय आहे त्याआधी आठवडाभर कॅनडात, माँट्रियलजवळच्या मिराबेल इथल्या हँगरमध्ये झालेला इंजिन-बदल. कारण इंधनगळतीची सुरुवात तिथे झाली, एका पान्याखाली.

विमानकंपनीचं आणि माणसांची नावं गाळली आहेत. तपास पोर्तुगालच्या यंत्रणेनं केला आणि अहवाल २००४ साली आला. घटनाक्रम त्यातलाच आहे. पर्यायांचं मोजमाप आणि त्यावरची टिप्पणी आमची.

पार्श्वभूमी

विमानाला रोल्स-रॉइसची ट्रेंट ७७२बी इंजिनं होती. ए३३०वर हायड्रॉलिकच्या तीन स्वतंत्र यंत्रणा असतात : हिरवी, निळी आणि पिवळी. तिन्हींचा दाब ३००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड). हिरवीला दोन्ही इंजिनांवर एकेक पंप, निळीचा पंप डाव्या इंजिनावर आणि पिवळीचा उजव्या. म्हणजे प्रत्येक इंजिनाच्या गिअरबॉक्सवर दोन हायड्रॉलिक पंप येतात आणि प्रत्येक पंपाला तीन नळ्या : तेल आत घेणारी जाड सक्शन, दाबाचं तेल बाहेर नेणारी आणि पंपाच्या पोटातलं झिरपलेलं तेल परत नेणारी केस ड्रेन. त्याच गर्दीत इंधनाच्या आणि वंगणाच्या नळ्या, वायरिंगचे जुडगे आणि या सगळ्यांना जागेवर धरणारे क्लॅम्प. फॅन काउल, म्हणजे इंजिनावरचं उघडणारं झाकण, उघडून आत पाहिलं की हात घालायला जागा शोधावी लागते. कोणती नळी कोणत्या नळीवरून जाईल आणि दोघींत किती अंतर राहील, हे कागदावर अगदी नेमकं ठरलेलं असतं.

या इंजिनासाठी निर्मात्यानं पुढे सुधारित हायड्रॉलिक पंप आणला होता. नवा पंप बसायचा तर शेजारची इंधनाची नळी आणि हायड्रॉलिकची नळी, दोन्ही बदलाव्या लागत. हँगरच्या भाषेत इंजिन एक तर ‘प्री-मॉड’ (बदलाआधीचं) असतं किंवा ‘पोस्ट-मॉड’ (बदल केलेलं). कंपनीच्या ताफ्यातली इंजिनं पोस्ट-मॉड होती. हे बदल निर्मात्याच्या सर्व्हिस बुलेटिन नावाच्या सूचनापत्रानं, म्हणजे एसबीनं येतात. एसबी सक्तीचं नसेल तर ते करायचं की नाही, कधी करायचं, हे मालक ठरवतो. त्यामुळे एकाच नावाची, एकाच ताकदीची दोन इंजिनं काउलखाली वेगळी असू शकतात, आणि बाहेरून पाहून ते अजिबात कळत नाही.

१ ऑगस्टला कंपनीकडे इंजिन निर्मात्याकडून उसनं घेतलेलं एक सुटं इंजिन आलं. त्याच्यावर हायड्रॉलिक पंप नव्हते. यात विशेष काही नाही. सुटं इंजिन पुष्कळदा असंच येतं. पंप, जनरेटर यांसारख्या गोष्टी उतरवलेल्या इंजिनावरून काढून नव्यावर चढवायच्या असतात. मात्र हे उसनं इंजिन प्री-मॉड होतं. आल्यापासून काम सुरू होईपर्यंत हाताशी दोन आठवडे होते. त्या काळात त्याची एसबी-स्थिती आणि ताफ्यातल्या इंजिनांची एसबी-स्थिती शेजारी ठेवून कुणी ताडून पाहिली नाही.

अडचण कशी उभी राहिली

ऑगस्टच्या मध्यावर विमानाच्या उजव्या इंजिनाच्या चिप डिटेक्टरवर धातूचे कण सापडले. चिप डिटेक्टर म्हणजे वंगणतेलाच्या वाटेवर बसवलेलं चुंबक. त्यावर कण दिसले म्हणजे आत कुठली तरी बेअरिंग किंवा दात झिजतोय अशी शंका घ्यायची. इंजिन उतरवायचं ठरलं. काम १७ ऑगस्टच्या मध्यरात्रीच्या पाळीत सुरू झालं. विमान ठरलेल्या फेरीला द्यायचं होतं आणि हँगरही दुसऱ्या एका कार्यक्रमासाठी रिकामा करून हवा होता. घड्याळ दोन्ही बाजूंनी लागलं होतं.

ज्यांनी इंजिन-बदल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कामाचा क्रम थोडक्यात. फायर हँडल आणि सर्किट ब्रेकर सुरक्षित करून टॅग लावायचे. फॅन काउल आणि रिव्हर्सरचे (उतरताना झोत उलटवणाऱ्या भागाचे) दोन्ही अर्धे उघडून टेकू द्यायचे. इंधन बंद करून उरलेलं काढून घ्यायचं. मग इंधन, हायड्रॉलिक, हवेचे डक्ट आणि वायरिंग सोडवायचं आणि प्रत्येक उघड्या तोंडाला लगेच टोपण घालायचं. पायलनला, म्हणजे पंखाखाली इंजिन टांगतात त्या भागाला, हॉइस्ट (उचलयंत्र) लावून वजन पेलायचं, पुढचे-मागचे माउंट (इंजिन धरणारे जोड) सोडायचे आणि सहा टनांच्या वरचं धूड इंच इंच खाली क्रॅडलवर, म्हणजे इंजिन ठेवायच्या चौकटीवर, घ्यायचं. नवं इंजिन याच वाटेनं उलट वर जातं. हा सगळा भाग दांडगा असला तरी सरळ असतो. वेळ खातं ते जुन्यावरून नव्यावर सामान हलवणं, कारण तिथे प्रत्येक तुकडा दोनदा हाताळला जातो आणि प्रत्येक क्लॅम्पला स्वतःची जागा असते.

इथेही तिथेच अडलं. उतरवलेल्या इंजिनावरचा मागचा हायड्रॉलिक पंप उसन्या इंजिनावर बसेना. इंधनाची नळी आड येत होती.

प्रमुख तंत्रज्ञानं इथे जे केलं ते योग्य होतं. जोर लावला नाही, पार्ट्स कॅटलॉग उघडला. त्यात दोन्ही इंजिनांची मांडणी वेगळी असल्याचं आणि त्या फरकामागे एक एसबी असल्याचं दिसलं. तो एसबी वाचायला गेला. पण निर्मात्याची कागदपत्रं ज्या संगणकीय यंत्रणेत होती, तिच्यापर्यंत नेटवर्कमधून पोहोचताच येईना.

प्रकरणाचा काटा इथे फिरला. फरक आहे हे समजलं होतं. फरक नेमका कशाकशात आहे, हे ज्या कागदावर लिहिलं होतं तो मात्र हातात नव्हता.

कोणते पर्याय होते

एक : काम थांबवून एसबी मिळवणं. दुसऱ्या संगणकावरून, सीडीवरून, फॅक्सवर किंवा निर्मात्याच्या माणसाला फोन करून. किंमत काही तासांची, फार तर एका फेरीची. यात तांत्रिक धोका शून्य. त्रास फक्त वेळापत्रकाला.

दोन : उसन्या इंजिनाशी जुळणारा जुना, प्री-मॉड पंप मागवून बसवणं. इंजिन मग पूर्ण प्री-मॉड राहिलं असतं. अंतर्गत विसंगती नाही, फक्त ताफ्यातलं एक इंजिन वेगळं अशी नोंद ठेवावी लागली असती. अडचण एवढीच की तसा पंप जवळ हवा, आणि ज्या कंपनीनं सगळं पोस्ट-मॉड करून टाकलं तिच्या स्टोअरमध्ये तो असण्याची शक्यता कमी.

तीन : उतरवलेल्या इंजिनावरून पंप, इंधनाची नळी आणि हायड्रॉलिकची नळी असा पूर्ण संच हलवणं. पंप, इंधन आणि हायड्रॉलिक यांच्या या जोडणीपुरतं इंजिन पोस्ट-मॉड झालं असतं. खरं तर हेच उत्तर होतं, आणि लागणारा एकूण एक तुकडा हँगरमध्येच, दोन क्रॅडल पलीकडे होता. पण हा पर्याय समोर दिसायला एसबी वाचलेला असावा लागतो.

चार : आड येणारी फक्त इंधनाची नळी बदलणं.

रात्रीच्या पाळीतून मेंटेनन्स कंट्रोलला, म्हणजे कंपनीच्या देखभाल-नियंत्रण कक्षाला, विचारणा झाली, तिथून इंजिनांचं काम पाहणाऱ्या नियंत्रकाशी बोलणं झालं आणि चौथा पर्याय ठरला. त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. पंप बसत नाही, कारण इंधनाची नळी आड येते. जुन्या इंजिनावर तोच पंप वेगळ्या नळीसोबत नांदत होता. ती नळी इथे आणा, अडचण संपली. तर्क गुळगुळीत आहे, म्हणूनच धोक्याचा. प्रश्न होता ‘या दोन इंजिनांत काय काय वेगळं आहे?’ फोनवर फोन होत गेले तसा तो ‘पंप कसा बसेल?’ असा आक्रसला. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरोबरच आलं.

प्रत्यक्ष काय केलं गेलं

उतरवलेल्या इंजिनाची पोस्ट-मॉड इंधननळी उसन्या इंजिनावर चढवली. पंप बसला. हायड्रॉलिकची नळी मात्र उसन्या इंजिनाचीच, प्री-मॉड, राहिली. ती बसत होती. दोन्ही टोकांचे नट धरत होते. पण तिचं वळण नव्या इंधननळीसाठी केलेलं नव्हतं, त्यामुळे दोघी एकमेकींच्या फार जवळ आल्या.

मग अंतर मिळवण्यासाठी हायड्रॉलिकची नळी हातानं बाजूला धरून ठेवली आणि तशाच अवस्थेत नट टॉर्क केला, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळला. हात काढल्यावर दोन नळ्यांमध्ये फट दिसत होती. काम पुढे सरकलं. इंजिन चालवून गळती तपासली, कुठे थेंब नाही. तपासणीत काही वावगं आढळलं नाही. विमान सेवेत दिलं गेलं.

या एका कृतीवर थांबायला हवं. हे हात जगातल्या बहुतेक हँगरमध्ये रोज कुठे ना कुठे हेच करत असतात, आणि दहात नऊ वेळा त्यातून काही होत नाही.

ताठ धातूची नळी लवचिक होजसारखी नसते. तिला कारखान्यात वळण दिलेलं असतं आणि ते वळण तिला लक्षात असतं. बाजूला ओढून नट आवळला तर नळी गप्प बसते, पण आत ताण धरून. हे तीन मार्गांनी अंगाशी येतं. पहिला, दाब. ३००० पीएसआय आत आले की वाकडी नळी सरळ होऊ पाहते. थांबलेल्या इंजिनावर मोजलेलं अंतर चालू इंजिनावर तेवढंच राहत नाही. दुसरा, कंप. पंपाचे पिस्टन तेल ठोक्याठोक्यानं ढकलतात, त्यात इंजिनाची स्वतःची थरथर मिसळते आणि दाबून धरलेली नळी हळूहळू आपल्या मूळ जागेकडे सरकते. तिसरा, उष्णता. नळ्या आणि त्यांना धरणारे ब्रॅकेट एकाच मापानं फुगत नाहीत.

आणि यातलं काहीही टॉर्क रेंच सांगत नाही. रेंच क्लिक झाला म्हणजे नट आवळला गेला, एवढंच. नळी मोकळी आहे की ताणलेली, याबद्दल त्या क्लिकला काही ठाऊक नसतं. गळतीची चाचणीही इथे आंधळी आहे. सांधे कोरडे आहेत का, एवढंच ती पाहते. सांधे कोरडेच होते. अजून कुठलीच नळी झिजलेली नव्हती.

परिणाम

इंजिन-बदलानंतर विमान सुमारे ६७ तास उडालं. त्या काळात हायड्रॉलिकची नळी इंधनाच्या नळीला टेकली आणि घासत राहिली. २४ ऑगस्टला अटलांटिकवर इंधननळीला तडा गेला. गळती ताशी तेरा टनांच्या आसपास. ए३३०ची दोन्ही इंजिनं मिळून सफरीत ताशी साधारण साडेपाच ते सहा टन जाळतात. गळती त्याच्या दुप्पट होती.

तंत्रज्ञांनी लक्षात ठेवावा असा एक तपशील इथे आहे. कॉकपिटमध्ये पहिलं चिन्ह इंधनाचं दिसलं नाही, वंगणाचं दिसलं. उजव्या इंजिनाच्या ऑइलचं तापमान कमी आणि दाब जास्त. कारण साधं आहे. गरम ऑइल आणि थंड इंधन एकाच हीट एक्स्चेंजरमधून शेजारी शेजारी जातात. तडा त्याच्या पुढे होता, त्यामुळे एक्स्चेंजरमधून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त इंधन वाहू लागलं, ऑइल गारठलं, घट्ट झालं आणि त्याचा दाब चढला. तीन तासांहून अधिक उडालेल्या निरोगी इंजिनाचं ऑइल अचानक गार पडणं इतकं विचित्र होतं की वैमानिकांना आणि जमिनीवरच्या कंट्रोललाही मापनातच काही चूक असावी असं वाटलं. आकडे खरे होते, फक्त त्यांचा अर्थ ऑइलमध्ये नव्हता.

पुढचं थोडक्यात. इंधनाचा तोल गेल्याची सूचना आली तेव्हा वैमानिकांनी क्रॉसफीड (दोन्ही बाजूंचं इंधन जोडणारी झडप) उघडून डावीकडचं इंधन उजवीकडे जाऊ दिलं, म्हणजे तेही तड्यातून बाहेर. ०६:१३ यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेनुसार) उजवं इंजिन बंद पडलं आणि ०६:२६ला डावं. तेव्हा विमान साडेचौतीस हजार फुटांवर आणि लाजेसपासून ६५ सागरी मैलांवर होतं. ०६:४५ला ते वेगात आणि आदळत टेकलं. टायर फुटले, काही प्रवासी आणि कर्मचारी जखमी झाले, बहुतेक जण किरकोळ. गळती न ओळखण्याबद्दल वैमानिकांवर अहवालात टीका आहे आणि ती योग्यही आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

कंपनीनं देखभालीतल्या चुकीची जबाबदारी मान्य केली. कॅनडाच्या सरकारनं तिला अडीच लाख कॅनेडियन डॉलर दंड केला. या सुट्या भागांचं एकमेकांशी जुळत नाही, असं बजावणारं बुलेटिन इंजिन निर्मात्यानं काढलं. एअरबसनं विमानाच्या संगणकात सुधारणा केली : ठरल्यापेक्षा जास्त इंधन कमी होत असेल तर तो आता वैमानिकांना इशारा देतो.

निर्णयाचे टप्पे, आणि कुठे वेगळं करता आलं असतं

*सुटं इंजिन हँगरच्या दारात आलं तेव्हा.* सगळ्यात स्वस्त दुरुस्ती इथे होती. सुट्या इंजिनाच्या पावती-तपासणीत साधारणपणे सीरियल नंबर, जतन केल्याची तारीख, टोपणं, दिसणारी इजा आणि सोबतचे कागद पाहतात. एसबी-यादीही त्या कागदांत असते, पण ‘आहे’ अशी खूण करून पुढे जाण्याची सवय लागते. यादी असणं आणि ती ताडलेली असणं यांत फरक आहे. ताडायचं म्हणजे उतरवण्याची शक्यता असलेल्या इंजिनाची यादी शेजारी ठेवायची, न जुळणारे एसबी वेगळे काढायचे आणि प्रत्येकासमोर लिहायचं : कोणता भाग इकडून तिकडे जाणार आहे, आणि त्याच्यासोबत आणखी काय जायला हवं. दोन माणसांचं, फार तर एका दिवसाचं काम. उसन्या इंजिनाबाबत तर हे सोडूच नये. ते दुसऱ्या कुणाच्या तरी निर्णयांचा इतिहास अंगावर घेऊन आलेलं असतं. भारतात अलीकडच्या काळात इंजिनांच्या टंचाईमुळे सुटी आणि भाड्याची इंजिनं सर्रास फिरत आहेत, त्यामुळे हा टप्पा इथल्या नियोजन-टेबलावरही तितकाच लागू आहे.

*पंप बसला नाही तेव्हा.* तंत्रज्ञ थांबला, कॅटलॉग उघडला, एसबी ओळखला. इथपर्यंत बोट ठेवायला जागा नाही. प्रश्न पुढच्या पावलाचा आहे. कागद मिळत नाही ही ‘संगणकाची अडचण’ मानली गेली. ती कामाची अडचण मानायला हवी होती. डीजीसीए या भारताच्या हवाई वाहतूक नियामकाच्या सीएआर-१४५ या देखभाल-नियमांमध्ये, युरोपातल्या पार्ट-१४५प्रमाणेच, देखभालीचा चालू कागद काम करणाऱ्याच्या हाताशी असलाच पाहिजे अशी अट आहे. व्यवहारात तिचा अर्थ असा : सर्व्हर बंद असेल तर ते टास्क कार्डही, म्हणजे कामाच्या पायऱ्यांचा आणि सह्यांचा कागदही, तिथे बंद. ज्या हँगरमध्ये रात्री दोन वाजता नेटवर्क गेल्यावर एसबी मिळवण्याची दुसरी वाट लिहून ठेवलेली नाही, तिथे ही घटना पुन्हा घडायला पुरेशी जागा आहे. दुसरी वाट म्हणजे स्थानिक प्रत, दुसऱ्या शाखेचा फोन, निर्मात्याच्या चोवीस तासांच्या मदतकेंद्राचा क्रमांक. यातलं काहीच महाग नाही.

*फोनवर सल्ला घेतला तेव्हा.* फोनच्या पलीकडच्या माणसाला इंजिन दिसत नाही. त्याला जेवढं सांगाल त्यावरच तो बोलणार. ‘इंधनाची नळी आड येतेय’ असं सांगितलं तर उत्तर इंधनाच्या नळीबद्दलच येईल. ‘हे इंजिन प्री-मॉड आहे, पंप पोस्ट-मॉड आहे, एसबी माझ्यासमोर नाही, तुमच्यासमोर आहे का?’ असं विचारलं असतं तर पलीकडच्यालाही कागद शोधावा लागला असता. आणखी एक सूक्ष्म गोष्ट घडते. दोघेही अनुभवी असतात आणि प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्यानं कागद पाहिलेला असणार. तोंडी होकाराला अशा वेळी लेखी मंजुरीचं वजन येतं. त्यावर उपाय रूक्ष आहे. ठरलेल्या कार्डाबाहेरचा कोणताही भाग हलवायचा तर ती वेगळी नोंद, आणि नोंदीत ‘कशाच्या आधारे’ हा रकाना रिकामा असेल तर काम पुढे नाही. ‘नियंत्रकाशी बोलणं झालं’ हा आधार नव्हे. कागदाचा क्रमांक आणि आवृत्ती हा आधार.

*नळी हातानं धरावी लागली तेव्हा.* शेवटची संधी ही होती, आणि तिला कागद, संगणक, फोन यांतलं काही लागत नव्हतं. बोटांनाच ते कळत होतं. ताठ नळीचा नियम : नट खेचून नळी आणायची नाही, नळी आपणहून आली तरच नट लावायचा. पद्धत अशी :

– आधी सगळे क्लॅम्प सैल. नळी दोन्ही टोकांना ठेवून पाहायची. तिचं तोंड फिटिंगवर सरळ, मध्यावर आणि जोर न लावता बसायला हवं.
– दोन्ही टोकांचे नट हातानं, पाना न लावता, पूर्ण फिरायला हवेत.
– या मोकळ्या अवस्थेतच शेजारच्या प्रत्येक नळीशी, हार्नेसशी (वायरिंगच्या जुडग्याशी) आणि ब्रॅकेटशी असलेलं अंतर मोजायचं. मॅन्युअलमधली मर्यादा क्लॅम्पजवळ एक आणि क्लॅम्पपासून दूर वेगळी असू शकते, दोन्ही पाहायच्या. डोळ्यांनी नाही, गेजनं.
– मग क्लॅम्प, मग टॉर्क. टॉर्क करताना फिटिंगला मागून दुसरा पाना द्यायचा, नाही तर नटासोबत नळीही पिळली जाते.
– टॉर्कनंतर अंतर पुन्हा मोजायचं. आधीच्या मापाशी जुळत नसेल तर नळी ताणलेली आहे.
– यंत्रणेला दाब देऊन पुन्हा, आणि इंजिन चालवून थंड झाल्यावर पुन्हा.

पहिल्याच पायरीवर नळी आली नाही, तर तीन शक्यता उरतात : नळी चुकीची आहे, ती वाकलेली आहे किंवा शेजारचा भाग चुकीचा आहे. चौथी शक्यता, ‘थोडी धरली की बसते’, यादीत नाही. इथे पहिली शक्यता खरी होती. तेवढंच मान्य केलं असतं तर पलीकडच्या क्रॅडलवर योग्य नळी होती आणि काम तासाभरात सुटलं असतं.

*तपासणी आणि सही.* सही करणारा काय तपासतो? जे कार्डावर आहे ते. पंप बसवला, टॉर्क केला, लॉकवायर (नट सुटू नये म्हणूनची तार) घातली, गळती नाही. प्रत्येक ओळ खरी होती. ‘या जोडणीतली हायड्रॉलिकची नळी कोणत्या पार्ट नंबरची आहे?’ हा प्रश्न विचारणारी ओळ कार्डावर नव्हती, कारण नळी बदललेलीच नव्हती आणि न बदललेल्या भागाला ओळ नसते. म्हणून एका इंजिनावरून दुसऱ्यावर काही हलवलं असेल तर दुसऱ्या तपासनीसानं कार्ड बाजूला ठेवून कॅटलॉगचं चित्र घेऊन उभं राहावं. हलवलेल्या भागाला जे जे काही जोडलं आहे आणि ज्या ज्या गोष्टीजवळून ते जातं, त्या प्रत्येकाचा पार्ट नंबर चित्राशी मिळवावा. आरसा आणि टॉर्च लागतात, काही नंबर पुसट असतात, आणि कंटाळाही येतो.

एक जादा पायरीही विचारात घेण्यासारखी आहे. इंजिन-बदलात मूळ कार्डाबाहेरची नळी किंवा क्लॅम्प हलवला असेल, तर पहिल्या काही फेऱ्यांनंतर काउल उघडून फक्त तेवढाच भाग पाहायचा. घासण्याची पहिली खूण तडा जाण्याच्या बरीच आधी दिसते : चकचकीत झालेला ठिपका, शेजारी काळपट भुकटी, बोट फिरवलं तर लागणारी किंचित खाच. विमान मधल्या आठवड्यात अनेकदा तळावर येऊन गेलं होतं. पण बंद काउलखालची एक विशिष्ट नळी उघडून पाहायला काही तरी निमित्त लागतं, आणि ते निमित्त नोंदवहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं.